कडू घास कोणी न्यायचा?

अन्याय माझ्या ताईवर झाला. गेल्या वर्षी, रंगपंचमी होऊन दोन दिवस झाले होते, त्या सकाळी. जागा, इंदूरमधल्या एका खाजगी हॉस्पिटलची लेबर रूम. ताई तिथे डॉक्टर आहे, बाळंतपणं करते. त्या सकाळी तिने आठवा महिना भरत आलेल्या एका बाईची सुटका केली. बाळ पोटातच गेलेलं होतं. ते ताईने हातात घेतलं, पुसलं, कपड्यात गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं. मग हात धुतले, गाऊन बदलला आणि पडद्यापलीकडच्या टेबलाकडे गेली, कारण तिकडे दुसरं बाळ यायच्या बेतात होतं.

ते आलं. रडलं. त्याच्या आजोबांनी ताईला बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठलं. हातात पेढ्यांचा डबा. "मैडम, ऐसे नहीं जाने देंगे, मुंह तो मीठा करना पड़ेगा!" आणि स्वतःच्या हाताने पेढा भरवला.

"तो मी चावला नाही, गिळला," ताईने मला नंतर सांगितलं. "चावला असता तर चव कळली असती."

तुम्ही म्हणाल, अन्याय तर त्या आईवर झाला. नाही. आईवर आभाळ कोसळलं. अन्याय करायला माणसं लागतात, आणि माणसांनी जे केलं ते दोघींवर केलं. त्या आजोबांना मी धरत नाही, त्यांना काय ठाऊक! ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याबद्दल बोलते आहे. त्यांत माझं घरही आलं.

ती बाई आम्हाला परकी नव्हती. लातूरची. नवरा पिथमपूरला कारखान्यात इंजिनिअर, ती भंवरकुआंजवळ एका कॉलेजात शिकवायची. दोघांना इंदुरात येऊन दोनच वर्षं झालेली. मंडळाच्या गणपतीत आईशी ओळख झाली आणि आईने तिला लगेच ताब्यातच घेतलं. मी तिला वहिनी म्हणायचे. आमचं मराठी ऐकून ती पोट धरून हसायची. "काकू, तुम्ही लोक 'पण' म्हणतच नाही का हो? सगळं 'पर, पर, पर'." आई म्हणायची, "अगं, तीन पिढ्या इथे गेल्या, पर मराठी सोडली नाही ना!" आणि मग दोघी हसायच्या.

दिवस राहिल्यावर तिने ताईलाच दाखवायचं ठरवलं. माहेर लांब, सासरी कोणी बाई नाही, म्हणून डोहाळजेवण आमच्या घरी झालं. हिरवी साडी आईने घेतली, फुलांचे दागिने मी विकत आणले (बनवता मला येत नाहीत, सांगून ठेवते), ओटी आईने भरली. दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. वहिनी हात पुढे करणार तेवढ्यात शेजारच्या काकू ताईकडे बघून ओरडल्या, "इशारा करू नका हं मॅडम! तुम्हाला सगळं ठाऊक असेल!"

"मला काही ठाऊक नाही. मी बघतच नाही," ताई म्हणाली.

"हो ना जी, कायदा आहे ना! जेलमध्ये जातील बिचाऱ्या, बाळंतपण कोण करणार मग?"

सगळ्या जणी खिदळल्या. वहिनीने बर्फी उचलली. "झाली, मुलगी झाली!" असा गलका. आईने तिथेच नाव सुचवायला सुरुवात केली.

ताईची काम करण्याची एक तऱ्हा होती. बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र असतं, पोटावर धरलं की आवाज येतो. बाकीचे डॉक्टर आकडा बघतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात. ताई आवाज पूर्ण मोठा करायची. इतका, की बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जायचं. "ऐका, टांगा निघाला," ती म्हणायची. टापांसारखाच असतो तो आवाज. पहिलटकरणी रडायच्या, नवरे मोबाईल काढायचे, एक सासूबाई तर दर वेळी हात जोडायच्या. हॉस्पिटलात तिला टांगेवाली मॅडम म्हणायचे. तिला ते आवडायचं.

रंगपंचमीला आईने वहिनीला आणि तिच्या नवऱ्याला घरी बोलावलं. आमचं घर कृष्णपुऱ्याच्या पुलापासून जवळ. गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, घरापर्यंत येत नाही, पर गच्चीवरून रंगाचे फवारे दिसतात आणि गाणी तर छातीत वाजतात. इंदुरात राहून गेर न बघणं म्हणजे काय! वहिनी दोन जिने चढून वर आली, सावलीत खुर्चीवर बसली, थोडा वेळ बघितलं, गुजिया खाल्ली, घरी गेली. गेर पुढे सरकली तशा मागून सफाईच्या गाड्या आल्या, आणि तास-दोन तासांत रस्ता असा झाला की जणू तिथे काही घडलंच नाही. आमच्या शहराला याचा फार अभिमान आहे. मलाही होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी ताईच्या ओपीडीत गेली. तारीख ठरलेलीच होती. ताईने नेहमीसारखा आवाज मोठा केला आणि यंत्र पोटावर धरलं.

खरखर. नुसती खरखर. बाहेरच्या बाकापर्यंत गेली असेल.

ताईने जागा बदलली. पुन्हा बदलली. वहिनी म्हणाली, "झोपली असेल. काल फार धिंगाणा ऐकला ना तिने." ताईने सोनोग्राफी केली आणि तिला सांगितलं. काय शब्दांत, ते मी विचारलं नाही. रात्रभर कळा आणवण्याची औषधं दिली आणि सकाळी ती सुटका झाली, तीच, जिच्यापासून मी सुरुवात केली.

पेढा गिळून ताई वहिनीच्या खोलीकडे निघाली होती. वाटेत हॉस्पिटलच्या मॅनेजरने अडवलं. मॅनेजर म्हणजे डॉक्टर नव्हे, टाय लावलेला माणूस.

"मैडम, अब आप उधर मत जाइए. फैमिली से हम बात कर लेंगे."

"मला सांगायचं आहे तिला. तिच्या बाळाला काय झालं ते मी बघितलंय," ताई हिंदीत म्हणाली असेल, मला तिने मराठीत सांगितलं.

"और सॉरी तो बिलकुल मत बोलना. सॉरी का मतलब गलती. कल को वकील आ जाएगा, फिर आप ही बोलोगे कि भिया, बताया नहीं."

हा तिथला नियम. लिहिलेला नाही, पर पक्का. वाईट काही झालं की ज्या डॉक्टरने हातात बाळ धरलं, तिने त्या घरच्यांपासून लांब राहायचं. एक गोड बोलणारी मुलगी खोलीत जाते, "गॉड की मर्ज़ी" म्हणते, डिस्चार्जचं समजावते. ताई दुपारी राउंडला गेली तेव्हा ती खोली रिकामी होती. चादर बदललेली, फरशी पुसलेली, फिनाइलचा वास. धुऊन मोकळे.

त्या दिवसानंतर ताईने आवाज बंद केला. यंत्राला कानाला लावायची वायर असते, ती तिने शोधून काढली. एकटी ऐकायची, मान हलवायची, "ठीक आहे" म्हणायची. पेशंट विचारायच्या, "मैडम, पहले तो सुनाती थीं?" ती म्हणायची, स्पीकर खराब आहे. घरी पेढे आले तर उठून आत जायची. जेवताना मध्येच बोटांकडे बघत बसायची. एकदा मी विचारलं, काय बघतेस? "नखं वाढली का बघते," म्हणाली. तिची नखं कधी वाढलेली नसतात.

आणि गल्ली! गल्लीने आपलं काम चोख केलं. त्याच काकू, इशाऱ्याचा जोक मारणाऱ्या, भाजीवाल्याच्या गाडीपाशी आईला म्हणाल्या, "तुमच्याचकडे दाखवत होती ना ती? म्हणजे माझं काही म्हणणं नाही हं. पर आमच्या सूनबाईंना आता दुसरीकडे दाखवतोय. तिचा आग्रह आहे बाई." आई कोथिंबीर निवडत राहिली. ती एक शब्द उलट बोलली नाही. माझी आई, जी रिक्षावाल्याला पलासियापर्यंत उपदेश करते!

मग एका संध्याकाळी ताईने चहाचा कप खाली ठेवत सांगितलं, "मी लेबर रूम सोडते आहे. फक्त ओपीडी करीन. या महिन्याअखेरपर्यंत आहे, मग नाही." जणू कुठल्या मासिकाची वर्गणी बंद करत होती.

मी काय केलं? मला जे येतं ते. मी पत्रकं लिहिते. भंवरकुआंच्या हॉस्टेलांतल्या मुलींसाठी लिहिली आहेत, पाण्यासाठी, कुलपांसाठी, वॉर्डनच्या दादागिरीसाठी. चहाच्या टपऱ्यांवर उभं राहून वाटली आहेत. कोणावर अन्याय, कधी, कोणी केला, मागणी काय: चार परिच्छेद, एक पान. त्या हॉस्पिटलच्या नियमाविरुद्ध मी असं पान लिहून ताईसमोर ठेवलं.

तिने वाचलं. "चांगलं आहे. तडतडतंय."

"मग वाटू?"

"यात ती कुठे आहे?"

"कोण?"

"जिचं बाळ गेलं ती. तू तिला भेटलीस? आई भेटली? मी भेटले? त्या दिवसापासून तिच्या दारात कोणी गेलंय का?"

मी ते पान घडी घालून बाजूला ठेवलं. ताई म्हणाली, "ती माझं तोंड बघणार नाही आता. बरोबर आहे तिचं. पर तुम्ही तरी जायचं."

आईकडे वळले तर आई म्हणाली, "अगं, जाऊन बोलायचं काय? याचं सुतक नसतं. दहावं नाही, तेरावं नाही. समाचाराला जायचं तर कोणाच्या समाचाराला? नाव तरी होतं का?"

हे ऐका नीट, कारण हे फक्त माझी आई म्हणत नाही. आमच्यात कोणी गेलं की घर भरतं. चूल पेटवायची नसते, म्हणून शेजारीपाजारी, नातेवाईक जेवण नेतात. पिठलं-भात, साधं. त्याला कडू घास म्हणतात. नव्वदीचे आजोबा गेले तरी चार घरचं पिठलं येतं. माणूस खडूस असला तरी येतं. आणि आठ महिने जिच्या पोटात एक जीव टापा टाकत होता, जिची ओटी आम्ही भरली, जिच्यापुढे आम्ही बर्फी-पेढ्याच्या वाट्या ठेवल्या, तिच्याकडे घास न्यायचा की नाही, याला शास्त्र लागतं! ओटी भरायला आम्ही सगळ्या, आणि पुढे कोणी नाही. बोलायचं काय, म्हणे. काही बोलू नका. बसा.

हे मी आईला जरा मोठ्याने म्हटलं. आई स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, चिडली.

रविवारी सकाळी मी उठले तर फोडणीचा वास येत होता. आई कढईपाशी उभी. पिठलं घोटत होती, आणि रडत होती. "मी बोलावलं होतं तिला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दोन जिने चढायला लावले मीच. तो आवाज, ते भोंगे. मी कुठल्या तोंडाने जाऊ तिच्याकडे? तू ने हे. माझं नाव सांगू नकोस."

ताई दारात उभी होती. तिने ऐकलं. तिला दिसलं, आई इतके आठवडे काय पोटात घेऊन फिरत होती ते. तिच्या तोंडाशी काहीतरी आलं आणि तिने ते परत आत ढकललं. "मी तुला सांगू शकत नाही," एवढंच म्हणाली, "पेशंटची गोष्ट आहे. ती आधी तिला सांगायला हवी." मग चप्पल घातली. "चल. मी येते. हॉस्पिटल गेलं खड्ड्यात."

आई म्हणाली, "थांबा, मी साडी बदलते."

तिघी रिक्षाने गेलो. डबा आईच्या मांडीवर. भंवरकुआंच्या चौकात क्लासची पोरं पोह्यांच्या गाडीभोवती उभी होती, रिक्षावाला कोणाला तरी "ओ भिया, साइड" म्हणत होता, आणि आई डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत होती.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. ताईला बघून तो बाजूला झाला नाही, आणि दारही लावलं नाही. आतून वहिनीचा आवाज आला, "कोण आहे?" आईने डबा पुढे केला. "पिठलं आहे," ती म्हणाली. "कडू घास आणलाय. उशीर झाला आम्हाला."

त्याने डबा घेतला आणि तिथेच, दारात, रडायला लागला. पुरुषासारखा पुरुष. मग आत नेलं आम्हाला.

वहिनी पलंगावर बसली होती. केस तसेच. ताई तिच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला माफ कर. मला तुझ्याकडे पहिल्याच दिवशी यायचं होतं." बस. जो शब्द बोलू नको म्हणून सांगितलं होतं तोच ती आधी बोलली. वकील आला नाही. छत पडलं नाही.

वहिनी म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर चिडलात म्हणून आला नाहीत."

"तुझ्यावर? कशाला?"

"मी गेर बघायला गेले म्हणून. तुमच्या घरून परत येताना पोटात गप्प वाटलं मला, तरी मी तुम्हाला फोन नाही केला. म्हटलं सकाळी जायचंच आहे. त्या मुलीने हॉस्पिटलात विचारलं ना मला, मैम, कहीं गए थे क्या, कुछ भारी उठाया था क्या? तेव्हाच कळलं मला. मीच केलं."

आई उठून पलंगावर तिच्याजवळ जाऊन बसली.

तेव्हा ताईने सांगितलं. हळूहळू, दोन्ही हात वापरून, ओढणीच्या टोकाला गाठ मारून दाखवत. बाळाच्या नाळेला खरीखुरी गाठ होती. अशी गाठ फार आधी पडते, बाळ इतकुसं असतं, पाण्यात कोलांट्या मारायला जागा असते तेव्हा. सैल असते तोवर काही होत नाही. सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसत नाही. मलाही दिसली नाही, ताई म्हणाली. मग कधीतरी आवळते. जिना चढल्याने नाही, गाण्यांनी नाही, गुजियाने नाही. "तू रात्री फोन केला असतास तर वाचली असती का, हे मला माहीत नाही. माहीत आहे असं मी सांगणार नाही. पर गाठ तू मारली नाहीस."

वहिनीने ती ओढणीची गाठ हातात घेतली. बोटाने चाचपली. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फिरवतच राहिली. मग वहिनीने विचारलं, "तुम्ही तिला नीट बघितलं होतंत ना? माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर आहे."

"बघितलं," ताई म्हणाली. "केस होते. भरपूर. हनुवटी तुझी."

कोणी नव्हतं हे सांगायला. त्या टायवाल्याला बाळाची हनुवटी ठाऊक नव्हती. जगात एकाच बाईला ती ठाऊक होती, आणि तिलाच दाराबाहेर ठेवलं होतं. हा नियम वकिलाला घाबरून केला आहे. आणि त्याने दोन बायकांना आपापल्या घरात, एकमेकींना न भेटता, आठवडेच्या आठवडे स्वतःला गुन्हेगार ठरवायला लावलं. तिसरी आमच्या स्वयंपाकघरात होती.

मग आम्ही पिठलं खाल्लं. पाचही जणांनी. आईने मीठ जास्त घातलं होतं, आणि वहिनीच ते बोलली.

ताई बरी झाली का, तर नाही. असं काही बरं होत नाही. पर लेबर रूम तिने सोडली नाही. ठोके ऐकायचे असले की आधी वायर कानाला लावून एकटी ऐकते, मग वायर काढून आवाज मोठा करते. टांगा म्हणत नाही आता. पेढा हातात घेते, "नंतर खाते" म्हणते, आणि कागदात बांधून वॉर्डातल्या आयाबाईंना देते. आणि बाळ गेलं त्या खोलीत ती जातेच, मॅनेजरने काहीही म्हणो. त्याने दोनदा समज दिली आहे. ती म्हणते, तिसरी पण दे. काकूंची सून अजून दुसरीकडेच दाखवते. ठीक आहे.

हे लिहू का, असं मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "लिही. नाव नको, आणि रडकं नको." जमलं तेवढं केलं.

आता तुम्ही. हॉस्पिटल चालवत असाल तर डॉक्टरला त्या खोलीत जाऊ द्या, आणि तिथून बाहेर आल्यावर लगेच दुसऱ्या टेबलावर ढकलू नका. तिला बसायला एक खुर्ची आणि चहा प्यायला वेळ द्या. हॉस्पिटल चालवत नसाल तरी सुटलात असं समजू नका. तुमच्या गल्लीत, तुमच्या ऑफिसात, तुमच्या नात्यात अशी एक बाई आहे, जिच्या डोहाळजेवणाला तुम्ही जेवून आलात आणि नंतर फिरकला नाहीत. तुम्हाला ती आत्ता आठवली आहे. काय बोलायचं ते ठरवत बसू नका, सुतक आहे की नाही ते गुरुजींना विचारू नका. पिठलं करा, डबा भरा आणि या रविवारी तिच्या दारात जा.